लाल मोटार कुणाकडून घ्यायची?

आमच्या कंपूत मोटार एकानंच घेतली, पण तिचे किस्से मात्र सगळ्यांच्या घरी साठले. असं होतंच. ज्याची मोटार असते त्याला ती पुसायची असते, टायर बघायचे असतात, पेट्रोल भरून आणायचं असतं. त्याला किस्से सांगायला वेळ कुठला? ते काम ज्यांच्याकडे मोटार नसते त्यांचं. आणि माझ्याकडे तर सायकलसुद्धा मेव्हण्याची होती!

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. ठाण्यात टेंभी नाक्यावरच्या एका हॉटेलातलं मागचं टेबल संध्याकाळी आमचं असायचं. आमचं म्हणजे तिघांचं. मी एका गिरणीच्या ऑफिसात कारकून. दामले मास्तर डोंबिवलीहून ठाण्याच्या शाळेत शिकवायला यायचे आणि शाळा सुटली तरी परत जायचं नाव काढायचे नाहीत. तिसरा गजा म्हात्रे. गजाचं घराणं मूळचं इथलंच. आजापासून मिठागरं आणि भातशेती. त्यातली बरीचशी जमीन एका कारखान्यानं घेतली आणि गजा बघता बघता श्रीमंत झाला. स्वभाव मात्र होता तसाच राहिला, हीच तर पंचाईत! माणूस माजला असता तर त्याचा हेवा करणं सोपं गेलं असतं.

हेवा मी करत होतो, हे आधीच सांगून टाकतो. उगाच पुढे तुम्हाला शोधत बसायला नको.

* * *

मोटारीचं वेड माझं, गजाचं नव्हे. लढाईच्या काळात मी कल्याणच्या मिलिटरी कॅम्पात कारकुनी करत होतो. तिथल्या एका हवालदारानं मला लॉरी चालवायला शिकवली आणि लायसनही काढून दिलं. लढाई संपली, कॅम्प उठला, लायसन तेवढं खिशात राहिलं. मग रद्दीवाल्याकडून इंग्रजी मोटारींची जुनी मासिकं आणायची आणि वाचायची, एवढंच उरलं.

त्यातल्या एका पानावर ती होती. लाल, वरून उघडी, दोनच सीटं आणि पुढे लांबच लांब बॉनेट. शर्यतीत पळवायच्या जातीची. ते पान मी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. मालती, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "लोक तिथे देवाची तसबीर लावतात!"

एकदा गजा घरी आला असताना मालतीनं कपबशी काढायला ते कपाट उघडलं. गजानं विचारलं, "सदू, ही काय हाय रे?"

झालं! मला विचारणारं कुणी भेटलं नव्हतं कितीतरी दिवसांत. मी इंजिनापासून सुरुवात केली. गिअर, ब्रेक, वेग, सगळं सांगितलं. चहा गार झाला. गजानं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"भगवानच्या गाडीच्या फुडं जाईल?"

भगवान हा गजाचा चुलतभाऊ, कल्याणचा. जमिनीचा पैसा त्यालाही मिळाला होता आणि त्यानं नुकतीच एक अगडबंब अमेरिकन मोटार घेतली होती. मी म्हटलं, "अरे, त्याचा गिअर पडेपर्यंत ही भिवंडीला पोचेल!"

"मग हीच घेऊ," गजा म्हणाला. जणू भाजी घ्यायची होती.

 दोन वर्षं मी त्या चित्राकडे बघत होतो आणि हा अर्ध्या कपात मोकळा झाला. पण गजानंच पुढे म्हटलं, "मना त्यातलं काय कलत नाय. दुकान तू ठरव. आनि मना चालवता पन येत नाय, तर दुकानातून घरी गाडी तूच आनायची."

म्हणजे शोरूमपासून ठाण्यापर्यंत ती माझ्या हातात! बस, मला आणखी काय हवं होतं? गजा गेल्याबरोबर मी आत जाऊन मालतीला सांगितलं, "मी मोटार आणतोय!"

ती कपबशा विसळत होती. तिनं मानही वर केली नाही. म्हणाली, "कुणाची?"

* * *

मुंबईत ती गाडी देणारे दोन एजंट होते. एक ऑपेरा हाऊसजवळ, दुसरा फोर्टात. आधी ऑपेरा हाऊसला गेलो. मी मेव्हण्याचा कोट चढवला होता. गजा नेहमीसारखा, धोतर, पांढरा सदरा, काळी टोपी.

काचेचा दरवाजा उघडून आत शिरलो आणि समोर ती! चित्रात नुसती लाल दिसायची. खरी बघितली तर रंगाच्या आत आणखी एक रंग होता.  तेवढ्यात टाय लावलेला सेल्समन धावत आला आणि थेट माझ्यासमोर उभा राहिला. "या साहेब, बसा साहेब. साहेब लेमन घेणार की सोडा?" त्यानं माझ्यासाठी दार उघडलं, मला आत बसवलं, माझा हात धरून गिअरच्या मुठीवर ठेवला. आयुष्यात मला कुणी इतक्या वेळा साहेब म्हटलं नव्हतं. मी दोन-चार इंग्रजी प्रश्न विचारले. त्यानं ते साहेबांचे प्रश्न असावेत अशा रीतीनं ऐकले.

गजा तिकडे चपलेच्या टोकानं टायर चाचपत होता. सेल्समननं त्याच्याकडे बघून हळूच म्हटलं, "ए भाऊ, ड्रायव्हर लोकांसाठी बाहेर बाकडं आहे."

मी खुलासा करायला हवा होता. पण स्टिअरिंग हातात होतं, लेमनचा ग्लास आला होता आणि गजा आपणहून निघालाही होता. चांगला अर्धा तास मी आत आणि तो बाहेर. परत आलो तेव्हा गजा बाकावर मांडी घालून शेंगदाणे खात बसला होता. मी विचारलं, "कसं वाटलं दुकान?"

"ब्येस हाय," गजा म्हणाला. "बाकरं सावलीत ठेवलंय."

* * *

ही बातमी कल्याणला पोचायला वेळ लागला नाही. पुढच्याच रविवारी भगवानशेठ आपली अगडबंब मोटार घेऊन नाक्यावर हजर! भगवानशेठ गाडी चालवायचे म्हणजे मुख्यतः हॉर्न वाजवायचे. बाकीचं काम रस्त्यावरच्या लोकांनी करायचं. मागे घेताना ते दार उघडून अर्धे बाहेर लोंबकळायचे आणि तरीही कल्याणच्या त्यांच्या घराच्या फाटकाचा खांब त्यांनी पाडलाच होता. तो बांधून झाल्यावर पुन्हा पाडला.

"ऐकलं ते खरं का?" त्यांनी टेबलावर बसता बसता विचारलं. गजा त्या दिवशी आला नव्हता. मी सांगितलं की खरं आहे, आम्ही डीलर शोधतोय. भगवानशेठच्या चेहऱ्यावरचा रंग आधी उतरला, मग सावकाश परत चढला. माझ्या ओळखीचाच होता तो रंग. आरशात रोज बघत होतो मी.

"मग इकडंतिकडं कशाला फिरता? ऑपेरा हाऊसवाल्याकडनंच घ्या. माझी त्यानंच दिली. आपला मानूस हाय. डोले मिटून घ्या!"

त्यांनी इतकं कौतुक केलं की दामले मास्तरांना संशय आला. मास्तर चौकशी करण्यात पटाईत. वर्गात कॉपी पकडून पकडून सवय झालेली. भज्यांची दुसरी प्लेट संपेपर्यंत त्यांनी सगळं बाहेर काढलं. त्या दुकानदारानं भगवानशेठना नवी म्हणून कुणाची तरी वापरलेली गाडी रंग देऊन गळ्यात मारली होती! पहिल्याच महिन्यात रंगाखालून दुसरा रंग दिसायला लागला होता.

मी चकित झालो. "अहो, मग तिथेच जा म्हणून गजाला कशाला सांगताय?"

भगवानशेठ प्रामाणिकपणे म्हणाले, "एकट्यानंच का फसायचं? भाऊ हाय तो माझा!"

* * *

फोर्टातल्या शोरूमचे मालक रुस्तमजी. म्हातारे, गोरेपान आणि बोलायला एकदम मोकळे. इथे गजाला मी आधीच पुढे केलं होतं. रुस्तमजींनी दोघांनाही खुर्ची दिली आणि पहिलाच प्रश्न केला, "पेहला ऑपेरा हाऊसवाला के पास गया था ना? मुंह पर से मालूम पडता है."

त्या दोन दुकानांचं एकमेकांवर प्रेम कसलं होतं! ऑपेरा हाऊसवाल्यानं मला सांगितलं होतं की फोर्टवाल्यांकडे सुटे भाग कधीच मिळत नाहीत, गाडी महिनामहिना पडून राहते. मी ते जरा सौम्य करून रुस्तमजींना विचारलं.

ते मुळीच रागावले नाहीत. "सच्ची बात है डीकरा. पार्ट नहीं मिलता."

"म्हणजे?"

"मिलेगा कैसे? सब उसका गिराक लोक आके ले जाता है!"

मला हसू आलं, पण गजा हसला नाही. बाहेर पडल्यावर म्हणाला, "सदू, दोघं पन एकमेकाचं वाईट बोलतात. मंग दोघं पन खरं बोलत असतील."

* * *

आता माझं ऐका. मला या दोन्ही दुकानांकडून गाडी घ्यायची नव्हती! मला पुण्याहून घ्यायची होती. पुण्यात एक तिसरा एजंट होता, हे मी मासिकातल्या जाहिरातीत वाचलं होतं. आता पुणंच का? फोर्टातून ठाणं असं कितीसं लांब? बसलो, निघालो, आलंसुद्धा. पण पुण्याहून यायचं म्हणजे खंडाळ्याचा घाट! ती गाडी, ती वळणं आणि स्टिअरिंगवर मी. रात्री डोळे मिटले की मला घाटच दिसायचा.

गजाला हे सांगणं शक्य नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "पुण्याची हवा कोरडी. तिथल्या गाडीला गंज लागत नाही."

गजा म्हणाला, "आनि ठान्यात आनल्यावर? हवा पन पुन्याहून मागवायची?"

तरी मी त्याला नेलंच. पुण्याच्या एजंटनं टेबलावरचा पेपर नीट घडी घालून ठेवला आणि विचारलं, "गाडी कशाकरता हवी?"

मला हा प्रश्नच कळला नाही. गजानं खरं ते सांगितलं, "भावाच्या फुडं जायला."

"घरात माणसं किती?"

"हायत की. सतरा."

"सीटं दोन आहेत. ही गाडी तुम्ही घेऊ नका," एजंट म्हणाले. "रस्ते असे, हिचं पोट खाली. दर दगडाला लागेल. तुम्हाला मोठी, उंच गाडी पाहिजे, ती माझ्याकडे नाही. चहा घेऊन जा."

मी कपाळाला हात लावला. मला सगळ्या मुंबईत शोधूनही सापडला नसता असा एकमेव प्रामाणिक मोटारविक्या, आणि तो नेमका माझ्या घाटाच्या तोंडाशी बसला होता! पण गजा भलताच खूश झाला. परतताना आगगाडीत तो सगळा वेळ त्या माणसाचं कौतुक करत होता. मला आशा वाटली. म्हटलं, "मग त्याच्याकडूनच घेऊ या ना!"

"छ्या! त्याच्याकडं नाय," गजा म्हणाला. "उद्या गाडी बिघडली तर भांडायचं कुनाशी? त्यानं तर आधीच सांगितलंय."

* * *

शेवटी गजाचे वडील, आबा, मधे पडले. आबांनी उभ्या आयुष्यात बैलांखेरीज काही खरेदी केलं नव्हतं, पण त्यात त्यांचा हात धरणारं ठाण्यापासून मुरबाडपर्यंत कुणी नव्हतं. "तुमी पोरं नुसती दुकानं बघताव. मानूस बघाया पायजे," म्हणाले. खांद्यावर उपरणं टाकून ते आमच्याबरोबर फोर्टात आले.

बैलबाजाराची एक रीत आहे. किंमत तोंडानं बोलायची नाही. घेणारा आणि देणारा हातात हात घेतात, वरून उपरणं टाकतात आणि आत बोटांनी भाव करतात. कितीला ठरलं ते बाजूच्यालासुद्धा कळत नाही. आबांनी गाडीला एक फेरी मारली, बॉनेटवर थाप मारली, मग रुस्तमजींचा हात हातात घेऊन त्यावर उपरणं टाकलं.

रुस्तमजींना वाटलं, हा भविष्य बघणार. त्यांनी दुसरा हातही पुढे केला. आत आबांची बोटं चालू झाली. रुस्तमजींना गुदगुल्या व्हायला लागल्या. ते हसू दाबत होते, आबा गंभीर. आबांनी एक बोट दाबलं, रुस्तमजी "हां हां" म्हणाले. दोन बोटं दाबली, ते "अरे हां बाबा" म्हणाले. शोरूममधले सगळे कारकून गोळा झाले. आबांनी शेवटी हात सोडला आणि उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "ठरला," म्हणाले. "दिलदार मानूस हाय. हिकडनंच घ्याची."

आबा दाराशी पोचले तेव्हा रुस्तमजी मागून ओरडले, "बाबा! मेरे को मंजूर है! लेकिन क्या मंजूर है वो तो बोलके जाव!"

* * *

काय मंजूर झालं होतं तो आकडा मग गजानं आबांना विचारून सांगितला आणि पुढची रीतही समजावली. बैल घ्यायचा तर आधी आपल्या शेतात जुंपून बघायचा. तशी गाडी आधी दारात आणून दाखवायची, मग पुढचं. रुस्तमजी भला माणूस. म्हणाले, पाठवतो.

मला यात आपलं काही बिघडलंसं वाटलं नाही. गाडी दाखवायला येणार, परत जाणार, मग रीतसर खरेदी झाली की मी जाऊन आणणार. फोर्ट तर फोर्ट! मी मनाशी रस्ताही ठरवला होता. भायखळ्याला जरा वेग धरायचा, शीवला कमी करायचा.

ठरलेल्या दिवशी रुस्तमजींचा ड्रायव्हर गाडी घेऊन आला. गजाच्या अंगणात सगळी आळी जमली. आबांनी ती मिठागराच्या बांधावरून चालवायला लावली. मग घरातली माणसं ड्रायव्हरशेजारी एकेक करून बसून आली. हे चालू असताना मला कुणीतरी आत बोलावून घावनं आणि चहा दिला. दुसरं घावन घेतलं आणि बाहेर फटकन आवाज झाला.

धावत आलो. गजाची आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. बॉनेटवर हळदीकुंकू, त्यावर झेंडूचं फूल, आणि पुढच्या चाकाशी नारळाची दोन शकलं.

"आयेनं नारल फोरला," गजा म्हणाला.

"अरे, पण ही दाखवायला आणलीय! अजून घेतली कुठे?"

आबा ओसरीवर विडी ओढत होते. "घेतली. आपल्या दारात नारल फुटला ती गारी आपली. परत द्याची नाय."

मी हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. म्हटलं, "आबा, नुसती मुंबईला जाऊ दे. कागद होऊ देत. मग मी स्वतः जाऊन व्यवस्थित घेऊन येतो ना!"

आबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "सदू, नवी नवरी माप वलांडून घरात आली. तिला काय परत टेशनाव नेतान नि पुन्यांदा आनतान?"

पैसे-कागदांचं उद्या करतो असा रुस्तमजींना निरोप देऊन त्यांच्या ड्रायव्हरला स्टेशनवर सोडायला टांगा केला, त्यात मी बसलो. खरं तर मला त्याचे हात बघायचे होते. फोर्टापासून ठाण्यापर्यंत त्या हातांनी ती आणली होती. राहवलं नाही, विचारलं, "कशी चालते?"

त्यानं डोळे मिटले. "मक्खन, साब!"

टांग्याचं भाडं वर मीच दिलं.

* * *

गजाला शिकवलं मीच, शेजारच्या सीटवर बसून. तो शिकला, पण बैलगाडीच्या वेगानं. एवढी शर्यतीची गाडी आणि आम्ही टेंभी नाक्याहून निघून तलावाला वळसा घालेपर्यंत मागे वरात जमायची. एकदा तर एका सायकलवाल्यानं आम्हाला मागे टाकलं आणि वळून हसला. तो माझा मेव्हणा होता!

रोज वाटायचं, आज गजा म्हणेल, घे सदू, जरा तू चालव. रोज तो उतरायचा, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकायचा आणि चहा मागवायचा. मागायची मला लाज वाटत होती आणि त्याला सगळं कळत होतं. म्हणून तर चालवताना तो माझ्याकडे कधी बघायचा नाही. मास्तर म्हणाले, "तुम्ही दोघं एका बायकोच्या दोन नवऱ्यांसारखे बसता हो त्या गाडीत!" आम्ही दोघंही हसलो नाही.

* * *

आणि मग मोहने गावातला तो साखरपुडा.

मुलगी गजाच्या नात्यातली. भगवानशेठ येणार, म्हणजे गजाला लाल गाडीतून जाणं भागच होतं. नेमकं आदल्या दिवशी त्याच्या उजव्या तळहाताला गळू झालं. हात कापडात बांधलेला, मूठ मिटत नव्हती. सकाळी तो माझ्या दारात आला, किल्ली डाव्या हातात धरून. ती माझ्यापुढे धरली. मग म्हणाला, "हलू चालव."

मी हळू चालवली. कशेळी, भिवंडी, कल्याण, शहाड, मोहने, सगळा रस्ता हळू. हातात ती होती आणि तिचा श्वास मला तळव्यात जाणवत होता, पण मी शब्द पाळला. गजानं वाटेत एकदाही पुढे बघितलं नाही. माझ्या हातांकडे बघत होता.

जेवणं झाल्यावर मांडवाबाहेर भगवानशेठ गाडीभोवती फिरले. सगळ्यांसमोर म्हणाले, "छान हाय हो. चालते का नुस्ती पुसायला घेतली?" लोक हसले. गजाचा चेहरा काळवंडला. तो माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "सदू. दाव त्याला."

भगवानशेठ हॉर्न वाजवत पुढे निघाले होते. कल्याणला न वळता दोन्ही गाड्या मुरबाडच्या रस्त्याला लागल्या, कारण तो मोकळा होता. मी दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला आणि तिनं तोंड उघडलं. इतके महिने गजाच्या दारात मुकी बसलेली ती गाडी गायला लागली, दुसरा शब्द नाही माझ्याकडे! दोन्ही बाजूंची भाताची खाचरं नुसती हिरवी रेघ झाली. भगवानशेठची अगडबंब मोटार समोर आली, बाजूला आली, मागे गेली. त्यांचा हॉर्नसुद्धा मागे राहिला. गजा टोपी धरून पोरासारखा ओरडत होता. "अजून! सदू, अजून!" मी अजून दिली. वळणावर ती माझ्या मनाआधी वळायची. मला रडू येत होतं आणि वाऱ्यानं ते वाळत होतं. कपाट, मासिकं, मेव्हण्याचा कोट, खंडाळ्याचा घाट, कशाचीही आठवण राहिली नाही, कुणाचाही हेवा राहिला नाही. त्या पाऊण तासात जगात माझ्याहून सुखी कोणी नव्हतं.

गजा कधी गप्प झाला ते मला कळलं नाही.

ठाण्याला त्याच्या दारात गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. गजा बसूनच होता. म्हणाला, "एवढे महिने हाय माझ्याकडं. हिचा हा आवाज मी कधीच ऐकला नवता."

मग त्यानं डावा हात पुढे केला आणि मी किल्ली दिली.

चार दिवस तो नाक्यावर आला नाही. पाचव्या दिवशी आला तो चालत. हाताचं कापड सुटलं होतं. मास्तरांनी विचारलं, "गाडी कुठाय रे?"

"दिली," गजा म्हणाला.

"दिली? परत रुस्तमजींना?" मी ओरडलोच. "अरे, मला विचारायचंस तरी! मी चांगला डीलर बघून दिला असता!"

"डीलरला नाय. भगवानला दिली."

 ज्याच्या पुढे जायला घेतली, त्यालाच! तो पठ्ठ्या दार उघडून मागे घेणार, फाटकाच्या खांबावर घालणार, नुसता हॉर्न वाजवत फिरणार. माझा आवाज चढला. "गजा, भगवानला? अरे, तो तर तुझ्यापेक्षाही वाईट चालवतो! तिचा तो आवाज त्याच्या हातून जन्मात निघायचा नाही!"

गजानं चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं.

"म्हनूनच," तो म्हणाला.